फळीवरचा तो पोरगा आणि माझे बाबा

"उतर खाली! वस्तीतली पोरगी, अन् माझ्या दारातून घर्र घर्र करत जायलीस?"

मालक ओसरीवर उभे होते. मी बारा वर्षांची. पायाखाली शाळेच्या मोडक्या बाकाची फळी, तिला चाकं म्हणून ट्रॅक्टरच्या मिस्त्रीनं टाकून दिलेली चार बेरिंगं. उमरी तालुक्यातल्या आमच्या गावात सिमेंटचा रस्ता एकच, मालकांच्या दारावरून शाळेकडं जाणारा. आमच्या बौद्ध वस्तीत नुसती माती. आणि रीत अशी, की वस्तीतल्या माणसानं त्या दारासमोर सायकलवरून उतरायचं, सायकल हातात धरून चालत जायचं. कुठं लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांना पाठ होतं.

मी विसरले नव्हते. न उतरता जायचं, असं ठरवूनच निघाले होते.

याला कारण एक फोटो. लातूरला मावशी एका बंगल्यात भांडी घासायची. तिथल्या रद्दीतून तिनं एक मासिक आणलं होतं. त्यात परदेशातला एक लांब केसांचा पोरगा, चाकांच्या फळीवर उभा, जिन्याच्या कठड्यावरून घसरत येतोय. मागं पहारेकरी हात वर करून ओरडतोय. पोरगा हसतोय. आमच्या घरात देव नाहीत. तरी मी हा फोटो पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला. रोज दर्शन.

बाबा मालकांचे सालगडी. गोठ्यातून पळत आले.

"मालक, लेकरू हाय. कळंना तिला."

"मग तू कळव. आण कुऱ्हाड."

बाबांनी तीन घावांत फळी फोडली. बघायला माणसं जमली होती, एक जण हसला. बाबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी त्यांच्याशी तुटक बोलले. राग मालकाचा यायला हवा होता, मला बाबांचा आला. लिहितानाही लाज वाटते.

शिकले, नांदेडला नर्स झाले. पेटी सोबत आली, फोटोही. मोबाइल आल्यावर फोटोखाली छापलेल्या नावावरून त्या पोराचे व्हिडिओ शोधून शोधून पाहिले. तो आता म्हातारपणाकडं झुकलाय, गुडघ्याला पट्टा, तरी फळी सोडत नाही. मागच्या वर्षी त्याची एक मुलाखत पाहिली. पोलीस फळी जप्त करायचे, तो सांगत होता, आणि बाप दरवेळी नवी आणून द्यायचा. हसत सांगत होता.

मी ढसाढसा रडले. त्याचं बंड खरं होतं, आजही तो मला प्यारा आहे. पण तो पडला तर त्याचाच गुडघा फुटायचा. माझ्यापायी बाबांचं साल सुटलं असतं, घरातली चूल थंड झाली असती. बाबांनी फळी फोडून चूल वाचवली होती. एवढं कळायला मला अर्धं आयुष्य लागलं. सुट्टीत गेल्यावर त्यांचे पाय धरायचे, असं ठरवलं. सुट्टीआधीच फोन आला. बाबा गेले.

स्मशान शाळेच्या पलीकडं. वस्तीतली मयत मात्र नेहमी ओढ्यातून, चिखल तुडवत नेतात.

चुलते म्हणाले, "बाई, वढ्यातूनच नेऊ. आजवर तसंच नेलं."

"सडकेनं न्यायचं, काका."

पुढचा खांदा मी दिला. मालक कधीच गेले, आता त्यांचा पोरगा. तो दारातून रस्त्यावर आला.

"इकडून न्हाई. मागं फिरा."

काकांनी खांदा खाली घेतला. तिरडी एका बाजूला कलली.

"काका, खांदा खाली करू नका," मी म्हणाले. त्याला म्हणाले, "तू हटेपर्यंत आम्ही हितंच उभं राहणार."

ऊन चढलं. खांदा सोलला. कुणी जागचं हललं नाही. बऱ्याच वेळानं तो शिव्या देत आत गेला, आणि आम्ही बाबांना सिमेंटच्या रस्त्यानं नेलं.

बाबांना हे जिवंतपणी मिळायला हवं होतं. ते मी दिलं नाही, आणि आता देता येणार नाही. पण या रस्त्यावरून आमचं कुणी पुन्हा मागं फिरणार नाही. मेलेलं नाही, आणि जिवंत तर नाहीच नाही.