निरोगी दाता क्रमांक चार

डॉ. मेघना तावडे यांच्या नावावर एकतीस शोधनिबंध आहेत. मला ते तोंडपाठ आहेत, कारण दरवर्षी त्यांची यादी मीच टाइप करतो. मी व्हिन्सेंट, परळच्या एका संशोधन संस्थेत मॅडमच्या प्रयोगशाळेतला टेक्निशियन. चोवीस वर्षं झाली, इथलं जुनं खोड.

पहिले बारा निबंध कॅन्सरच्या जनुकांवरचे. त्यांच्यामागे मॅडमची आई आहे. मॅडम लालबागच्या चाळीत वाढल्या. त्या तेरा वर्षांच्या असताना आई छातीच्या कॅन्सरने गेली, आणि शेवटपर्यंत तिला कोणी काही सांगितलं नाही. वडील म्हणायचे, "काही नाही गं, साधी गाठ आहे." हे सांगताना मॅडमचा आवाज अजून चढतो.

"शरीर तिचं, आणि तिलाच पत्ता नाही? मी असं कधी कुणाशी करणार नाही, व्हिन्सेंट."

मी मान डोलवायचो. बाई चिडली की आख्खा मजला चिडीचूप होतो.

नंतरचे एकोणीस निबंध भाजलेल्या माणसांसाठी कातडी वाढवण्यावरचे. त्यांच्यामागे मी आहे. निरोगी माणसाच्या पेशी हव्या होत्या, आणि आमच्याकडची जुनी रीत अशी की लॅबवाल्यांनीच हात पुढे करायचा. चौदा वर्षांपूर्वी मी दंडाच्या आतल्या बाजूचा मसुराएवढा तुकडा दिला, फॉर्मवर सही केली आणि 'निरोगी दाता क्रमांक चार' झालो. निबंधात नाव छापत नाहीत, नुसता आकडा. चार म्हणजे कोण, ते आम्हा दोघांनाच ठाऊक.

अशा पेशी एका बशीतून दुसरीत हलवत राहिलं की काही महिन्यांत थकतात आणि मरतात. माझ्या मरेनात. दर सोमवारी बघावं तर बशी काठोकाठ भरलेली. मॅडमना परदेशातून आमंत्रणं आली, बढती मिळाली. मी घरी शेखी मिरवायचो, "बघा, डॅडीची कातडी, मरतच नाही!" माझी मुलगी जेनेल नाक मुरडायची. खरं सांगायचं तर ती बशी हातात धरली की कधी कधी मलाही कसंसंच व्हायचं. पण सगळीकडून कौतुक होत असताना अशा गोष्टी कोण मनावर घेतो?

गेल्या सोमवारी एकतिसावा निबंध छापून आला. यादीत चढवायला मी तारखा बघितल्या. पाठवला फेब्रुवारीत, दुरुस्त करून पुन्हा पाठवला जूनमध्ये. फेब्रुवारीचा मसुदा माझ्याच हातून गेला होता, त्यात सगळे आलेख चारचे होते; जूनचा मॅडमनी स्वतःच पाठवला होता. छापलेल्या निबंधात चार नव्हताच. त्याच्या जागी सात. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती: क्रमांक चारमध्ये जन्मजात जनुकदोष आढळल्याने त्या पेशी वगळल्या आहेत.

जनुकाचं नाव मी दोनदा वाचलं. पहिल्या बारा निबंधांतला तोच. टाइप करून करून मलाही कळत होतं. हा जनुक म्हणजे पेशींचा लगाम; म्हणूनच माझ्या मरत नव्हत्या. तो सदोष असला तर कॅन्सर कुठेही होऊ शकतो, तरुणपणीही. आणि हा दोष मुलांत उतरण्याची शक्यता निम्मी.

जेनेल सत्तावीस वर्षांची आहे. ऑगस्टमध्ये तिच्या छातीत हाताला गाठ लागली. आमचे डॉक्टर म्हणाले, या वयात असतात अशा, तीन महिन्यांनी बघू. मी हे मॅडमना सांगितलं होतं. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "चांगल्या ठिकाणी दाखवा." बस, एवढंच.

मी निबंध त्यांच्या टेबलावर आपटला. "जूनमध्ये कळलं होतं?"

"मे महिन्यात," त्या म्हणाल्या. "तीनदा तपासून बघितलं. मग वाटलं, विभागप्रमुख म्हणून माझी निवड एकदा होऊ दे, हा निबंध छापून येण्याआधी ती होईलच, मग नीट बसून सांगेन. चार निरोगी नाही म्हटल्यावर मागचे अठरा निबंध मागे घ्यावे लागले असते."

"जेनेलची गाठ मी तुम्हाला ऑगस्टमध्ये सांगितली!"

"हो."

"तुमचे वडील गिरणी कामगार होते, मॅडम. त्यांना कळत नव्हतं. तुम्हाला कळत होतं."

त्या रडायला लागल्या. मला अजिबात दया आली नाही. थोड्या वेळाने डोळे पुसून त्यांनी शेजारच्या इस्पितळात फोन लावला, तपासणीची वेळ घेतली. "तिला आत्ताच बोलवा. आज गाठीचा तुकडा काढून घेऊ."

मी तिथेच उभं राहून जेनेलला फोन केला. ती हिंदमाताला होती, मैत्रिणीच्या लग्नासाठी साडी बघत. मागे दुकानदाराचा आवाज येत होता.

"डॅडी, आत्ता? परळला? काय झालं?"

सगळं सांगायचं ठरवलं होतं मी. शब्दही जुळवले होते. मॅडम समोर उभ्या होत्या.

"काही नाही गं," मी म्हणालो, "साधी तपासणी आहे. ये तू."

मॅडमनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्याकडे बघवेना.