करमाडच्या हातपंपाचा लेख

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात औरंगाबादेत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. वाचनालयातून निवृत्त झालेल्या कालिंदी पाठक तेव्हा इंटरनेटवरच्या मराठी ज्ञानकोशात रमल्या होत्या. कोणता लेख ठेवायचा, कोणता काढायचा, यावर त्या मत द्यायच्या.

एकदा करमाडच्या हातपंप कारखान्याचा लेख आला. संदर्भ म्हणून कंपनीचीच वेबसाइट आणि जाहिराती. कालिंदीताईंनी 'काढावा' लिहिलं. लेख लिहिणारी मोनिका मालकाची नात. तिनं कालिंदीताईंचा नंबर मिळवून फोन केला.

"ताई, बहात्तरच्या दुष्काळात आजोबांचे पंप गावोगाव होते. लई नाव होतं!"

"असेल गं. पण कंपनीशी संबंध नसलेल्या कुणीतरी सविस्तर लिहिलेलं हवं."

फोन ठेवला, पण त्यांना चैन पडेना. त्या वाचनालयात जाऊन त्र्याहत्तरची वर्तमानपत्रं चाळू लागल्या. तिसऱ्या दिवशी अर्ध्या पानाचा वृत्तांत सापडला. पिशोर गावच्या बायका करमाडचा पंप स्वतःच दुरुस्त करतात, असं बातमीदारानं लिहिलं होतं. मग एका प्राध्यापकांच्या पुस्तकात त्याच पंपावर अख्खं प्रकरण!

"सापडलं!" त्या ओरडल्या, तसे सगळे वाचक वळून बघायला लागले.

त्यांनी लेखातले 'अग्रगण्य', 'विश्वसनीय' हे जाहिरातीतले शब्द खोडले, दोन्ही संदर्भ जोडले आणि मत बदललं. मत देणाऱ्या इतरांनाही पटलं. मग त्यांनी फोन लावला.

"मोनिका, राहतोय गं लेख! एका पुस्तकात तुमच्या पंपावर अख्खं प्रकरण सापडलं."

"व्हय? ह्या पुस्तकाचं आम्हालाच ठाऊक नाय! थांबा, आजोबांना फोन देते, त्यांना ते प्रकरण वाचून दाखवा."

कालिंदीताईंनी चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतलं.