पावडर लावलेलं इंजिन

बाबांच्या मोटरसायकलखाली रोज सकाळी तेलाचा काळा ठिपका दिसायचा. मी तो पुसायचो आणि विसरायचो.

आज गॅरेजवाल्या दत्तूमामांनी इंजिन रॉकेलने धुतलं, कोरडं केलं आणि त्यावर चक्क अंगाला लावायची पावडर शिंपडली. न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखं ते पांढरं इंजिन धडधडू लागलं.

"ठिपका खाली पडतो, पण गळतं वरून. आता नुसतं बघत बसायचं," ते म्हणाले.

बऱ्याच वेळाने वरच्या झाकणाच्या कडेला पावडर हलकेच ओलावली. तेल तिथूनच गळत होतं; मामांनी तिथलं पॅकिंग बदललं.

बाबा गेल्यापासून आई कधी उतू गेलेल्या दुधावर चिडते, कधी माझ्यावर. मी तेवढ्यापुरती समजूत घालतो. आज घरी येऊन तिच्याजवळ नुसता बसून राहिलो.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "त्यांची गाडी झाली का रे नीट?"

आणि तिचा आवाज ओलावला.