गायधनींच्या वरच्या मजल्याची जाहिरात

खंडेराव गायधनी हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोप समारंभात त्यांचे साहेब म्हणाले होते, "गायधनींच्या पत्राला आजवर कुणी उलट उत्तर दिलेलं नाही." ही तारीफ होती की तक्रार, ते कुणाला नीट कळलं नाही. खंडेरावांनी मात्र ती तारीफ समजून घरी नेली आणि बायकोला सांगितली. सुलाबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "उत्तर देणार कसं? आधी वाचून तर संपलं पायजे."

अशा माणसाच्या नाशिकच्या सातपूरमधल्या घराचा वरचा मजला रिकामा झाला. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पुढे ऐसपैस गच्ची. आधीचा भाडेकरू शेखर चारच महिन्यांत गेला होता. त्याची बदली झाली, असं खंडेराव सगळ्यांना सांगत. बंगळूरहून मुलगा सुयश फोनवर म्हणाला, "पप्पा, घाई करू नका. चांगला भाडेकरू बघा." खंडेरावांना हे मनापासून पटलं. चांगला भाडेकरू म्हणजे वेळेवर भाडं भरणारा आणि शक्यतो घरात न राहणारा, अशी त्यांची पक्की समजूत होती.

त्यांनी कोरा फुलस्केप घेतला, समास आखला आणि वर लिहिलं, 'विषय : वरील मजला भाडेतत्त्वावर देणेबाबत.' खाली तेवीस अटी. भिंतीस खिळा ठोकू नये. पाहुणे येणार असल्यास दोन दिवस अगोदर लेखी कळवावे. गच्चीत चालताना पायांचा आवाज करू नये. सुसंस्कृत, निर्व्यसनी व शाकाहारी कुटुंबासच प्राधान्य राहील; एकट्या राहणाऱ्यांनी चौकशी करून स्वतःचा व मालकाचा वेळ दवडू नये. शाकाहारीची अट का घातली, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. कॉलनीतल्या सगळ्याच पाट्यांवर ती असते, तर आपल्याच पाटीवर कमी का, एवढाच विचार.

कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी फाटकाला बांधला. आठ दिवस कुणी फिरकलं नाही. नवव्या दिवशी मोटरसायकलवरून एक गृहस्थ उतरले, चष्मा लावून तेवीसच्या तेवीस अटी वाचल्या. खंडेराव लगबगीने फाटकाशी गेले.

"खोली बघायचीय?"

"नाही हो, फोटो काढू का एक? आमच्या ग्रुपवर टाकतो."

संध्याकाळपर्यंत तो फोटो कॉलनीच्या ग्रुपवरून फिरत फिरत खंडेरावांच्याच मोबाईलवर येऊन पडला. खाली एकाने लिहिलं होतं, 'श्वास घेण्याबद्दल अट दिसत नाही, बहुतेक ती कागदाच्या दुसऱ्या बाजूला असेल.' त्याच्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. खंडेरावांनी कागद काढला. वारा फार सुटतो, म्हणून काढला, असं ते म्हणाले.

मग पुतण्या योगेश आला. योगेश प्लॉटच्या धंद्यात होता आणि त्याच्या तोंडी उजाड माळालासुद्धा 'व्ह्यू' असायचा. "काका, तुमचं लिखाण शासकीय आहे. लोकांना स्वप्न पाहिजे," असं म्हणत त्याने उभ्या उभ्या मोबाईलवर जाहिरात लिहिली : 'निसर्गाच्या कुशीत, गोदादर्शन, हवेशीर, राजेशाही फ्लॅट. शांत परिसर. फक्त शाकाहारी, उच्चभ्रू कुटुंबासाठी.' फोटो त्याने जमिनीवर लोळून काढले. त्यामुळे पुढची खोली एखाद्या मंगल कार्यालयाएवढी दिसू लागली.

रविवारी बारा जण आले. पहिल्यानेच विचारलं, "गोदावरी कुठंय?" खंडेराव त्याला गच्चीच्या कोपऱ्यात पाण्याच्या टाकीपाशी घेऊन गेले. टाचा उंचावून त्यांनी दूरच्या झाडांच्या रांगेकडे बोट दाखवलं. "ती झाडं दिसतात ना, त्यांच्या मागे."

"आणि ते निळे पत्रे?"

"तो कारखाना."

"म्हणजे मधे कारखाना आहे."

"मधे आहे, पण बाजूला आहे," खंडेराव म्हणाले. तो माणूस वाद न घालता जिना उतरला.

अकराच्या सुमाराला नाशिकरोडहून एक जोडपं आलं. निवृत्त, स्वच्छ, आवाज न चढवणारं. खंडेरावांना पाहता पाहता ते आवडून गेले. इतके, की वर नेण्याआधी त्यांनी दोघांना आपल्या बैठकीत बसवलं. "शाकाहारी वस्ती आहे हे वाचलं आणि लगेच निघालो," गृहस्थ म्हणाले. "आम्हाला वासही सहन होत नाही."

रविवार होता, आणि स्वयंपाकघरात सकाळपासून काळ्या मसाल्याचं मटण रटरटत होतं. बाईंनी नाकाला पदर लावला.

"शेजारी करतात कधी कधी," खंडेराव म्हणाले. "सांगून बघितलं त्यांना."

तेवढ्यात आतून सुलाबाई वाटी घेऊन बाहेर आल्या. "अहो, रस्सा चाखा जरा, मीठ बरोबर हाय का. नळी तुमच्यासाठी बाजूला काढलीय." मग पाहुण्यांकडे बघून हसल्या, "तुम्हीपण जेवूनच जा."

जोडप्याने पाणीसुद्धा घेतलं नाही. दुपारी जेवताना खंडेराव म्हणाले, "बाहेर यायची काय गरज होती?"

"खोटं लिहायची काय गरज व्हती?" सुलाबाई म्हणाल्या. "जेवा, मग कागद घ्या. मी सांगते, तुम्ही लिहा. आपलं काही घालायचं नाय."

त्या दिंडोरीकडच्या एका खेड्यातून आलेल्या, सातवी शिकलेल्या. तीन वेळा भाड्याच्या घरात संसार मांडून मग या घरात आलेल्या. भाडेकरूला काय कळायला हवं, ते त्यांना पाठ होतं. त्या सांगत गेल्या आणि खंडेराव, आयुष्यभर साहेबांचं घेतलं तसं, लिहून घेत गेले.

'दोन खोल्या, स्वयंपाकघर, मोठी गच्ची. पाणी सकाळी सहा ते साडेसात, भरून ठेवावं लागतं. मागे पिठाची गिरणी आहे, संध्याकाळपर्यंत घरघर ऐकू येते. एप्रिल-मेमध्ये वर लय तापतं, कूलर लागतोच. जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर बघूनच ठरवा. कारखान्यांच्या बसचा थांबा कोपऱ्यावर. एकटे असा की कुटुंब, चालेल. आम्ही मटण खातो, तुम्ही काहीही खा, फक्त हाडं गच्चीत टाकू नका, कावळे जमतात.'

"यात आकर्षक काय आहे?" खंडेरावांनी पेन थांबवलं. "गिऱ्हाईक पळेल."

"पळणारं आधीच पळालेलं बरं. घर दाखवायला जिना चढून माझे पाय दुखले. अजून एक लिहा. घरमालक बोलके आहेत."

"हे कशाला?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं नाही. जाहिरात मोबाईलवर टाकताना ते वाक्य सुलाबाईंनी स्वतः, एका बोटाने, अक्षर अक्षर शोधून घातलं.

या वेळी फोन आले ते मोजकेच. पण गोदावरी कुठे, असं कुणी विचारलं नाही. कूलर ठेवायला खिडकी आहे का, टाकी किती मोठी, असं विचारत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी पहिली पाळी संपवून एक मुलगी स्कूटरवरून आली. राखी भोये. सातपूरच्याच एका कारखान्यात मशीनवर काम करणारी, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. ती पायऱ्या मोजत जिना चढली, तिने नळ सोडून बघितला, गिरणीकडची खिडकी उघडून क्षणभर कान दिला. मग प्रश्न लिहून आणलेल्या वहीचं पान उलटलं.

"काका, घरमालक बोलके म्हणजे किती?"

खंडेरावांनी सुलाबाईंकडे बघितलं. सुलाबाईंनी खिडकीबाहेर.

"ते... असंच लिहिलंय," खंडेराव म्हणाले आणि विषय बदलला. "आडनाव भोये म्हणालात. गाव कुठलं?"

"सुरगाणा. तिथून पुढं अजून अकरा किलोमीटर."

"अच्छा, अच्छा. म्हणजे तुम्ही..."

"कोकणा. आदिवासी." राखीने वही मिटली. "हा प्रश्न जाहिरातीत नव्हता, काका. तिथं फक्त हाडांचं लिहिलं होतं."

खंडेरावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात किती जणांना विचारला असेल, आणि लोकांनी तो किती मुकाट्याने ऐकून घेतला असेल. गावाच्या नावाआडून जात विचारणं हा आजवर त्यांना सभ्यपणाच वाटत आला होता.

"चुकलं," ते म्हणाले. हा शब्द त्यांनी कुठल्याही पत्रात वापरलेला नव्हता.

"ठीक आहे. आता माझा एक. आधीच्या भाडेकरूचा नंबर द्या."

असं कुणी मागतं का, असं खंडेराव म्हणणार होते. तोवर सुलाबाईंनी नंबर सांगूनसुद्धा टाकला. राखीने तिथेच फोन लावला, स्पीकरवर.

"घर झकास आहे," शेखरचा आवाज आला. "पाणी पुरतं. मावशी तर देवमाणूस. फक्त काका रोज वर येतात. नळ नीट बंद आहे का बघतात, मग गॅस बघतात, मग बसतात. एकदा मी अंघोळीला होतो, तर दारापाशी उभे राहून विचारत होते, गीझर किती वेळ चालूय."

"म्हणून तुमची बदली झाली?" राखीने विचारलं.

"कसली बदली? मी मागच्याच गल्लीत राहतो. भाजीला निघालो की त्यांना चुकवत फिरतो."

फोन बंद झाला. गिरणी चालू होती. खंडेराव बराच वेळ खिडकीच्या गजावरचा रंग नखाने खरवडत राहिले. शेखर भेटायचा तेव्हा इतकी घाई का करतो, याचं त्यांना नेहमी नवल वाटायचं. मुलगा बंगळूरला गेल्यापासून संध्याकाळी बसायला जागा नव्हती. वर दिवा दिसला, की पाय आपोआप जिन्याकडे वळायचे. 

"मला घर पसंत आहे," राखी म्हणाली. "पण करारात एक अट माझी. वर यायचं तर आधी फोन करून. गप्पा मारायला रविवारी मीच खाली येईन. पाळी नसेल तर."

"लेखी?" खंडेरावांनी विचारलं, आणि त्यांच्या डोळ्यांत बऱ्याच दिवसांनी चमक आली.

करारनामा त्यांनी स्वतः तयार केला. तेवीसपैकी चार अटी उरल्या, राखीची धरून पाच. तिची अट लिहिताना त्यांनी सर्वांत सुबक अक्षर काढलं. पुढे दिवाळीनंतर राखीची आई गावाहून आली, ती नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घेऊन. सुलाबाईंची आणि तिची गच्चीत अशी गट्टी जमली, की खाली चहाला उशीर होऊ लागला. खंडेराव तक्रार करायला वर गेले नाहीत. त्यांनी फोन केला.

तोवर सुलाबाईंच्या जाहिरातीची बातमी कॉलनीत पसरली. पलीकडच्या गल्लीतले रावजी आले. त्यांचा वरचा मजला सहा महिने रिकामा होता. "वहिनी, आमचीपण लिहून द्या. तुमच्या हाताला गुण आहे."

सुलाबाईंनी खंडेरावांना कागद घेऊन बसवलं. "सांगा. वर काय काय हाय?"

"तीन खोल्या, नवीन रंग, भरपूर उजेड."

"पावसाळ्यात मागची खोली गळते ना?"

"गळते. पण ते कशाला लिहायचं?"

"मग मला कशाला बोलावलं?"

रावजी थोडा वेळ बसले, चहा प्यायले आणि योगेशचा नंबर घेऊन गेले. आठवड्याभरात त्यांच्या फाटकावर छापील रंगीत फलक लागला. त्यावर लिहिलं होतं, 'पावसाचा घरबसल्या आनंद.'