छबुबाईचं सहावं गाणं

तुझा आवाज गोड आहे असं कुणी म्हटलं की छबुबाईला राग यायचा. गोड आवाजाने गोठ्यातलं शेण निघत नाही, असं तिचं म्हणणं. केज तालुक्यातल्या तिच्या सासरच्या गावात कुणाकडे हळद असली की ओव्या म्हणायला तिला बोलावणं ठरलेलं. ती यायची, चार ओव्या म्हणायची, आणि पाचवीचा आग्रह झाला की पदर खोचून घरची वाट धरायची. पन्नाशी आली की बाईमाणूस जरा नरम पडतं म्हणतात. ही काही पडली नाही.

या स्वभावापायीच तिचं माहेर तुटलं. माहेर गेवराई तालुक्यात, चकलांब्याला. वडील वारले तेव्हा मागे अकरा एकर कोरडवाहू रान आणि दोन वारस राहिले. एक छबुबाई, दुसरा तिच्याहून आठ वर्षांनी धाकटा बद्रीनाथ. आपल्याकडे रीत अशी की बाप गेला की बहिणीने हक्कसोड करून द्यायची, म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला हिस्सा भावाला लिहून द्यायचा. भावाने त्या बदल्यात साडी घ्यायची आणि जन्मभर तिला माहेर उघडं ठेवायचं. बद्रीनाथ स्टॅम्पवर टाईप केलेला कागद घेऊन आला. छबुबाई तिसरीपर्यंत शिकलेली. तिने बोट ठेवून कागद वाचला आणि विचारलं, "सही केली तर सातबाऱ्यावरचं माझं नाव जाईल का?"

"जाईल की. त्याच्यासाठीच तर हाय हे."

"मग न्हाई करत. जमीन तू कस, पीक तू खा, मला दाणा नको. पर आण्णांच्या खाली माझं नाव हाय ते ऱ्हाऊ दे."

हे बद्रीनाथच्या डोक्यात शिरलं नाही आणि गावाच्याही नाही. तिने जमीन मागितली असती तर भांडता तरी आलं असतं. धड घेत नाही, धड सोडत नाही, अशा बाईशी भांडायचं तरी कसं? तिचा नवरा मोहनराव गरीब माणूस. तो एकदाच म्हणाला, "कशाला ताणतीस, दिऊन टाक," आणि बैलांना वैरण टाकायला गेला. त्या वर्षी दिवाळीला बद्रीनाथ तिला न्यायला आला नाही. पुढच्याही वर्षी नाही. नऊ दिवाळ्या गेल्या. भाऊबीजेला छबुबाई चंद्राला ओवाळायची आणि ताट जरा जोरातच खाली ठेवायची. आपल्याला काही वाटत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. ते साफ खोटं होतं.

दोन हजार पंधराच्या दुष्काळात गावाच्या फाट्यावर जनावरांची छावणी उघडली. चालवायला गावचीच दूध संस्था होती. नाव दूध उत्पादक सहकारी संस्था, आणि दूध औषधापुरतंही नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? संस्थेचे चेअरमन सुंदरराव दूध मोजायचं सोडून कडब्याच्या पेंढ्या मोजत होते. छबुबाई दोन बैल आणि एक गाय घेऊन छावणीतच राहायला गेली. हिरव्या जाळीखाली तिने चूल मांडली, आणि आठ दिवसांत शेजारच्या दावणीवरच्या चंद्रभागाबाईशी तिचं भांडणही झालं आणि मैत्रीही झाली.

त्याच गावात उत्तरेश्वर होता. लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचा. दुष्काळात लग्नंच पुढे ढकलली गेली, त्यामुळे त्याचा पाच जणांचा बँड पारावर बसून होता. बसून बसून त्याच्या डोक्यात आलं की आपण दिवाळीची गाणी रेकॉर्ड करू. सुटी सुटी नाहीत, सहा दिवसांची सहा, आणि सहांची मिळून एकच गोष्ट. गोष्ट छावणीतल्या पारूची. नवरा ऊस तोडायला गेलेला, पारू जनावरांपाशी एकटी. वसुबारसेला ती चाऱ्याच्या ओळीत उभ्या गाईला पूजते, नरकचतुर्दशीला टँकरच्या एका बादलीत सगळ्यांची अंघोळ उरकते, पाडव्याला नवऱ्याचा फोन लागत नाही, आणि भाऊबीजेला भाऊ येतो. गोष्ट ऐकून छबुबाई म्हणाली, "हे तर समद्यांला ठाव हाय. ह्यात सांगण्यासारखं काय?" तरी ती गायला तयार झाली, कारण दुपारी छावणीत करण्यासारखं काही नसायचं.

रेकॉर्डिंग दूध संकलन केंद्रात झालं. खोली रिकामीच होती. फरशांमुळे आवाज घुमायला लागला तेव्हा छावणीतल्या बायांनी आपल्या वाकळा आणून भिंतींवर टांगल्या. खोली दिल्याबद्दल सुंदररावांनी धनतेरसेच्या गाण्यात संस्थेचं नाव घालून घेतलं. धन्वंतरीच्या शेजारी दूध उत्पादक संस्था कशी बसवायची, या विचारात उत्तरेश्वरचा एक अख्खा दिवस गेला.

पाच गाणी झाली. सहावं भाऊबीजेचं. ते छबुबाईच्या ओव्यांच्या चालीवरच बांधलेलं होतं, फक्त ओवीत भावाचं नाव घ्यायची रीत असते त्या जागी उत्तरेश्वरने नुसतं 'माझा भाऊ' घातलं होतं.

"काकू, नाव नको. ऐकणारीनं आपापल्या भावाचं नाव मनात घालावं."

"मनातल्या नावानं ओवी हालत न्हाई. बिननावाचा भाऊ म्हंजी कुणाचा भाऊ?"

"मग दुसरं कुठलंबी नाव घाला."

"दुसरीच्या भावाला मी कशापायी बोलवू?"

चार वेळा तिने बिननावाचं म्हणून पाहिलं. चारही वेळा गाणं अळणी भाकरीसारखं झालं, हे उत्तरेश्वरलाही कळत होतं. वीज जायला दहा मिनिटं उरली होती. पाचव्या वेळी छबुबाईने डोळे मिटले आणि तिच्या तोंडून आलं:

छावणीच्या फाट्यावरी, धूळ कुणाची उठली,
बद्रीनाथ माझा बंधू, जीप केजाची सुटली.

नऊ वर्षांत तिने हे नाव उच्चारलं नव्हतं. नावावर तिचा आवाज चिरकला. तिला स्वतःचाच राग आला आणि पुन्हा घे म्हणून ती सांगणार, तेवढ्यात वीज गेली. उत्तरेश्वरने चिरकलेलंच गाणं ठेवलं. शिवाय लग्नात आहेर पुकारायची त्याला सवय. त्याने प्रत्येक गाण्याच्या आधी खणखणीत आवाजात पुकारलं होतं, "गायिका छबुबाई, माहेर चकलांबा."

दसऱ्याला ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. निघण्याआधी ट्रॅक्टरवाल्यांनी केजच्या मोबाईलच्या दुकानांतून गाणी भरून घेतली. उत्तरेश्वरची सहा गाणी त्यांत गेली. दिवाळीला जे घरी नसणार होते त्यांनाच ती जास्त आवडली. आणि बद्रीनाथ, हे सांगायचं राहिलं, पाच-सहा वर्षांपासून टोळीचा मुकादम होता. चाळीस कोयत्यांची, म्हणजे चाळीस जोडप्यांची, टोळी घेऊन तो पश्चिमेकडच्या एका कारखान्यावर गेला होता.

पहिल्यांदा त्याने गाणं ऐकलं ते ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून. ड्रायव्हरला त्याने ते बंद करायला लावलं. पण एका ट्रॅक्टरवर बंद केलं की दुसऱ्यावर सुरू व्हायचं. टोळीत चकलांब्याच्या बाया होत्या, त्यांना नऊ वर्षांची हकीकत तोंडपाठ होती. शिवकन्या नावाची एक तर फडात मोळी बांधता बांधता रोज विचारायची, "मुकादम, छावणीच्या फाट्यावर कव्हा निघायचं?" आणि सगळा फड हसायचा. ज्या मुकादमाला बाया हसतात त्याचं बाप्येही ऐकेनासे होतात. दिवाळीच्या आठवड्यात बद्रीनाथने नवा स्टॅम्प घेतला, कागद टाईप करून घेतला आणि यष्टीत बसला.

भाऊबीजेला दुपारी तो फाट्यावर जीपमधून उतरला. छबुबाई गाईला पाणी दाखवत होती. तिने त्याला ओळखलं आणि बादली गाईच्या पायांवर सांडली. केस पांढरे झाले होते त्याचे. तिने पेंडीचं पोतं झटकून त्याला बसायला दिलं.

"अक्का, त्या गाण्यातून माझं नाव काढ," तो बसताच म्हणाला. "टोळीत तोंड दाखवता यीना."

"नाव काढलं तर कसं वाटतंय, ते मी तुला तव्हाच सांगितलं व्हतं."

त्याने पायाजवळचा कडबा बाजूला सारला. मग खाली बघत म्हणाला, "बरं, ऱ्हाऊ दे. म्या कागद आणलाय. सही दे, दर साली यीन. तुलाबी माहेर, मलाबी सुख."

आजूबाजूच्या दावणींवरच्या बाया हातातली कामं टाकून बघत होत्या. छबुबाईला काय हवं होतं ते सगळ्या छावणीला माहीत होतं. तिला भाऊ हवा होता आणि बापाखालचं नावही हवं होतं, आणि यातलं एकच मिळेल असं तिचा भाऊ सांगत होता.

"आदी ववाळते," ती म्हणाली. "सणाचा दिस हाय."

चंद्रभागाबाईच्या ताटात निरांजन लावून तिने आणलं. त्याला कुंकू लावलं, ओवाळलं. ओवाळून झाल्यावर ताट तिने त्याच्यापुढे धरून ठेवलं. बद्रीनाथने खिशातून घडी केलेला कागद काढला, ताटात ठेवला आणि सहीसाठी वर पेन ठेवलं.

छबुबाईने पेन उचलून त्याच्या हातात परत दिलं. कागद कपाळाला लावला, आणि कंबरेच्या पिशवीत टाकून तोंडाची दोरी ओढली.

"अक्का, त्याच्यावर सही करायचीय."

"ववाळणीवर कुणी सही करतंय व्हय रं? ताटात पडलं, ते बहिणीचं झालं."

"त्यो कागद ववाळणी न्हाई."

"मग काय टाकलंस बाबा ताटात?"

बद्रीनाथने दुसऱ्या खिशात हात घातला. तिथे तंबाखूची पुडी होती, यष्टीचं तिकीट होतं आणि परतीच्या भाड्यापुरते पैसे होते. तिसऱ्यात काहीच नव्हतं. नऊ वर्षांनी बहिणीकडे येताना आपण त्या कागदाशिवाय काही आणलं नाही, हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं आणि त्याला भयंकर लाज वाटली. चंद्रभागाबाई पलीकडून म्हणाली, "ताटातलं माघारी घेत नसत्यात, भाऊ." तिला कुणी विचारलं नव्हतं, पण ती खरं बोलत होती.

त्याने मागितलं नाही. भाकरी आणि पिठलं खाल्लं, आणखी वाढलं तेही खाल्लं. शेवटच्या जीपला तो निघाला तेव्हा छबुबाई म्हणाली, "पुढच्या साली लुगडं आण. कागद ठिवायला माझ्याकडं पेटी न्हाई." तो म्हणाला, "आणतो." जीप गेल्यावर ती गाईच्या आडोशाला बसून मोकळेपणाने रडली आणि मग पाण्याची बादली घेऊन टँकरकडे गेली.

स्टॅम्प काय, गेवराईत अर्ध्या तासात दुसरा मिळतो. बद्रीनाथने तो घेतला नाही. पुढच्या भाऊबीजेला तो लुगडं घेऊन आला. चकलांब्याच्या सातबाऱ्यावर अजून दोन नावं आहेत आणि रान तोच कसतो. सोसायटीत त्या रानावरच्या पीककर्जाचं काही काम निघालं की दोघांच्याही सह्या लागतात. मग तो अक्काला न्यायला येतो, आणि सही पहिल्याच दिवशी झाली तरी ती चार दिवस माहेरी राहूनच परत येते.