मीटरवर शून्य आलं तेव्हा

मित्रांनो, आज लातुरात एका दवाखान्याच्या काचा धुवायला गेलो होतो. माझे पार्टनर रफिकभाई मागच्या महिन्यात हार्ट अटॅकने गेले. त्यांच्यानंतरचं हे पहिलंच काम.

बोरचं खारं पाणी आमच्या मशीनमधून शुद्ध करून काचेवर मारलं की पुसायची गरज राहत नाही. पण आज काच वाळली की पांढरे डाग उमटायचे. क्षार मोजायचं मीटर लावलं, तर क्षार तसेच येऊन राहिले होते. फिल्टर बदलला, तरी तेच.

शेवटी क्षार अडवणाऱ्या मेम्ब्रेनची नळी उघडली. आतली रबरी रिंग चिरली होती आणि तिथून बोरचं पाणी शुद्ध पाण्यात मिसळत होतं. नवीन रिंग बसवली. मीटरवर शून्य आलं.

मी खुशीत ओरडलो, "रफिकभाई, झालं बघा!"

वॉचमनकाकांनी इकडंतिकडं बघितलं. "कुणाला आवाज देऊन राहिलात? इथं तर कुणीच न्हाई."

कब्रस्तानात माती देतानासुद्धा रडलो नव्हतो. आज दवाखान्याच्या पायरीवर बसून लई रडलो.

गेलेल्या माणसाला अशी हाक तुमच्याही तोंडून निघते का हो? मग तुम्ही काय करता?