दहा वाजता कोणी शेवंती तोडत नाही

"इंजेक्शन भरू का सर?" मंगला सिस्टरने विचारलं तेव्हा घड्याळात अकरा पन्नास झाले होते.

"भरा," मी म्हणालो.

टेबलवर कौसल्याबाई होत्या. वय छप्पन्न, बार्शीटाकळीच्या अलीकडे फुलांचा मळा. उजवा हात आणि पाय गेलेला, तोंड वाकडं, वाचा बंद. डोळे उघडे होते, पण विचारलेलं कळत नव्हतं. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी मात्र गुठळीने बंद झाली होती. बोलणं आणि उजवा हात, दोन्ही तिच्याच भरवशावर चालतात.

मी अकोल्यातल्या हॉस्पिटलच्या कॅथलॅबमध्ये अशा गुठळ्या काढायचं काम करतो. कवटी उघडायची नाही. जांघेतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर म्हणजे बारीक नळी घालायची, ती मेंदूपर्यंत वर न्यायची आणि गुठळी ओढून काढायची. लोकांना वाटतं, सगळी हाताची करामत. निम्मं काम घड्याळाचं असतं. माझे वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते. वेळेवरून डोकं फिरणं मला घरातूनच मिळालं आहे.

नळी घालण्याआधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. नियम असा, की झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं. उशीर झाला की उपाशी राहिलेल्या रक्तवाहिन्या कमजोर होतात आणि तेच औषध मेंदूत रक्तस्राव घडवू शकतं. मग गुठळी राहते बाजूला आणि माणूस जातो. त्यामुळे आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला?

कौसल्याबाईंचा मुलगा दिनेश, तिशीतला. त्याने एका दमात उत्तर दिलं होतं. "दहा वाजता सर. दहाले माय माह्याशी बोलली. मंग एकदम पडली."

"नक्की दहा?"

"नक्की म्हंजे नक्की. घड्याळ पायलं मी."

दहा म्हणजे फक्त पावणेदोन तास झालेले. उत्तम. तरी स्कॅनमध्ये डाव्या बाजूला थोडा काळसरपणा, म्हणजे मेंदूचा मरू लागलेला भाग, उतरला होता. पावणेदोन तासांत तेवढा सहसा उतरत नाही. मला तो दिसला होता. पण मुलगा ठाम होता, वेळ कागदावर चढली होती आणि मी घाईत होतो. डोळ्यांनी पाहिलेलं मी कानांनी ऐकलेल्यापुढे सोडून दिलं. हे लिहिताना आजही लाज वाटते.

मंगला सिस्टरने इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं आणि जांघेची जागा मोकळी करायला कौसल्याबाईंचं लुगडं सोडायला घेतलं. पदर कमरेला घट्ट खोचून त्याची ओटी केलेली होती. गाठ सुटली आणि पिवळी शेवंती भसाभस खाली पडली. टेबलवर, फरशीवर, माझ्या बुटांवर. फुलं कोमेजलेली होती, पण ओटीच्या तळाशी कापड अजून दवाने ओलं होतं.

"कॅथलॅबमध्ये फुलं? उचला लवकर," मी वैतागून म्हणालो.

सिस्टर हलल्या नाहीत. त्यांचं माहेर जुन्या शहरातलं. वडिलांचं फुलांचं दुकान होतं, लहानपणी त्या रोज हार ओवायला बसायच्या.

"सर, एक मिनिट थांबा. इंजेक्शन देऊ नका."

"का?"

"दहा वाजता कोनी शेवंती तोडत नाई सर. दहाले त बाजार उठून जाते. फुलं पहाटे दवात तोडतात, ऊन चढायच्या आत. ह्या बाईच्या ओटीत फुलं हायेत. म्हंजे तोडता तोडताच पडली ती."

मी ट्रेकडे पाहिलं. सिरिंज भरलेली होती.

ओंजळभर शेवंती घेऊन मी बाहेर आलो. दिनेश दाराशीच उभा होता. मी हात पुढे केला. फुलं पाहून त्याचा चेहरा उतरला.

"खरं सांग. शेवटची चांगली कधी पाहिलीस? चुकीची वेळ सांगशील तर माझ्या हाताने तुझी आई मरेल."

तो दारातच खाली बसला. "साडेसाले सर. मी भरलेल्या टोपल्या घेऊन बाजारात निंघालो. माय म्हने, शेवंतीच्या दोन वळी उरल्या, तोडतो मी, तू हो पुढं. परत आलो त दहा वाजले होते. वळीतच पडेल होती."

"मग दहाला बोलली असं का सांगितलंस?"

त्याने वर पाहिलं. "तुमीच त सांगतलं होतं सर. मांगच्या हिवाळ्यात बार्शीटाकळीले शिबिर घेतलं ना तुमी? साडेचार तासाच्या आत आना, नाई त काई उपेग नाई, असं म्हनले तुमी. मले वाटलं, साडेसा सांगतलं त तुमी हातच लावनार नाई मायले."

शिबिर माझंच होतं. वाक्यही माझंच. लोकांनी घाबरून लवकर यावं म्हणून मी ते मुद्दाम जोर देऊन म्हणायचो. साडेचार तास इंजेक्शनसाठी असतात, गुठळी ओढून काढायला त्यानंतरही वेळ मिळतो, हे सांगायला मात्र मला वेळ नसायचा.

रागवायला आता तोंड नव्हतं. "सही कर," मी म्हणालो. "इंजेक्शन देणार नाही. थेट गुठळी काढायला जातो."

"माय वाचन का सर?"

"प्रयत्न करतो."

साडेसहा ते बारा म्हणजे साडेपाच तास. स्कॅन पुन्हा पाहिला. काळसर भाग लहान होता, वाचवण्यासारखं बरंच शिल्लक होतं. बारा दहाला जांघेत सुई घातली. नळी छातीतून मानेत आणि मानेतून डोक्यात गेली. हे सगळं समोरच्या स्क्रीनवर एक्स-रेमध्ये दिसतं. गुठळीच्या आरपार बारीक तार नेली आणि तिच्यावरून जाळी उघडली. जाळी गुठळीत रुतायला काही मिनिटं द्यावी लागतात. ती मिनिटं जाता जात नाहीत. मग हळूहळू ओढायचं.

पहिल्या खेपेला जाळी रिकामी आली.

दुसऱ्या खेपेला भाताच्या शितापेक्षाही लहान तुकडा निघाला. रक्तवाहिनी बंदच.

"बारा चाळीस," सिस्टर म्हणाल्या. मला वेळ कोणी सांगितलेली आवडत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी त्यांनी सांगितली.

प्रत्येक ओढीला रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होते. ती फाटली तर खेळ खलास. तिसऱ्यांदा जायचं की थांबायचं? कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. मला खरोखर भीती वाटत होती. दिनेशची नव्हे, त्या शिबिरातल्या माझ्याच आवाजाची.

तिसऱ्यांदा गेलो. या वेळी ओढताना नळीच्या तोंडाशी सक्शनही लावलं. जाळी जड लागली. बाहेर आली तेव्हा तिच्यात लालकाळी, नखाएवढी गुठळी अडकलेली होती. स्क्रीनवर डाव्या बाजूच्या सगळ्या फांद्या भरत गेल्या. बारा पंचावन्न.

दुसऱ्या दिवशी कौसल्याबाईंनी उजवा पाय उचलला. हाताची बोटं आठवडाभराने हलली, पण पकड पहिल्यासारखी आली नाही. फुलं आता त्या डाव्या हाताने तोडतात. बोलणं मात्र येईना. आवाज निघायचा, शब्द नाही. दिनेश रोज विचारायचा, आणि मी रोज म्हणायचो, वेळ लागेल.

शिबिरातलं वाक्य मी बदललं. आता सांगतो, लवकर आणा, पण उशीर झाला तर झालेला उशीरच सांगा, तरी आम्ही पाहतो. टाळ्या पहिल्यापेक्षा कमी पडतात. आणि वेळ विचारण्याआधी मी आता वेगळंच विचारतो: पेशंट पडला तेव्हा काय करत होता?

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला आले. मी सवयीने दिनेशला विचारलं, "घरून किती वाजता निघालात?"

"सात वाजता सर."

शेजारच्या खुर्चीतून खरखरीत आवाज आला. कौसल्याबाईंनी ओठ जुळवले, अडखळल्या, पुन्हा जुळवले.

"सा... साडेसा."

दिनेश आईकडे पाहतच राहिला. मग हसत, डोळे पुसत म्हणाला, "हो सर. साडेसालेच निंघालो."

मी फाईलमध्ये साडेसहा लिहिलं.